बायकोचं दळण

श्रावणात झड लागली ती उघडायचं नाव घेईना. भिंती पाणी पिऊन फुगल्या, चुलीत सरपण नुसतं धुमसायला लागलं, निंदणाला जाणाऱ्या बायांच्या पायाची बोटं चिखल्यांनी पांढरीफटक पडली. टेंभुरखेड्यात जो तो आभाळाला शिव्या देत होता. गोजराबाई मात्र आभाळाच्या वाटेला गेली नाही. तिला शिव्या द्यायला घरातच माणसं होती.

पहाटे कोंबडा आरवला तशी ती ओसरीतल्या बाजेवर कान लावून पडली. आता सून उठेल, आता बांगड्या वाजतील, आता जात्यात पहिली मूठ पडेल. जातं काही वाजलं नाही. वाजलं ते आतल्या खोलीतलं हसू. आधी सुनेचं, दाबलेलं. मग पोराचं, मोकळं.

म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. या घरातली बाई नवऱ्याच्या शेजारून उठते ती कोंबड्याच्या आधी, हे तिच्या सासूनं तिला लाथ घालून शिकवलं होतं. अंधारात त्या खोलीत जायचं आणि अंधारातच उठून जात्यावर बसायचं. नवरा झोपेत कसा दिसतो ते तिनं त्याच्या हयातीत पाहिलं नव्हतं. तो मेला तेव्हा त्याचा डोळे मिटलेला चेहरा तिला पहिल्यांदा उजेडात दिसला आणि तो कोणा परक्याचाच वाटला होता. आणि ही दोघं! दिवस उगवायला आला तरी एका वाकळीत हसून राह्यली होती.

दार करकरलं. जगदेव बाहेर आला. अंगानं रुंद, मानेनं आखूड, बापाचाच तोंडावळा. त्यानं पोत्याची खोळ डोक्यावर घेतली, तिच्यावर चुंबळ ठेवली आणि ज्वारीचं टोपलं उचललं.

"कुठं निंघाला?" गोजराबाईनं बाजेवरूनच विचारलं.

"किन्हीराजाले. चक्कीवर."

"अन् हे टोपलं?"

"दळून आनतो."

"तू?"

"मंग कोन? तिले तिसरा महिना हाये, माय. मागल्या साली जात्यावरच तिचं पोट पडलं, तुया डोळ्यांदेखत."

"पडलं त पडलं. मी बी पोटुशी असतानी दळलं. एकदा नाही, पाच खेपा."

"अन् जगलो मी एकटा," जगदेव म्हणाला आणि चिखलात उतरला.

 त्याचा राग गोजराबाईनं दिवसभर सुनेवर, शेळीवर आणि फुटक्या रांजणावर काढला.

किन्हीराजाला मोटारीचा रस्ता झाला, त्याच्या पाठोपाठ गोपीचंद शेठनं इंजिनाची चक्की आणली होती. कोसभर लांबून तिचं फुकफुक ऐकू यायचं. आधी बाया तिला भ्याल्या. पट्टा लुगडं ओढतो म्हणत, पिठाला राकेलचा वास येतो म्हणत. मग एक गेली, दुसरी गेली, आणि पाहता पाहता गावातली निम्मी जाती मुकी झाली. पण जात होत्या त्या बायाच. टोपलं बाईच्या डोक्यावरचं, मग ते जात्याकडं जावो का चक्कीकडं. बाप्या गडी कडब्याचा भारा वाहील, मढं वाहील, पण बायकोचं दळण? ते जगदेवनंच दाखवलं.

बातमी धाकट्या जावेनं आणली. गोजराबाईचा दीर इंद्रभान, त्याची ही कमलीबाई; भिंतीला भिंत लावून घर. धुणं खांद्यावर टाकून ती ओसरीत टेकली.

"वयनी, खरं बोलली त राग नोका येऊ देऊ. पन काल जगदेव चक्कीवर बायांच्या रांगीत उभा होता म्हनतात. बाया म्हने त्याले मुद्दाम मांगं ढकलत होत्या. एक म्हने, भाऊजी, घरी जाऊन भाकरी बी तुमीच थापता का?"

"मंग? तो काय म्हने?"

"हासला म्हने."

"हासला!" गोजराबाई थुंकली. "बापानं त्याच्या तिचं थोबाड फोडलं असतं."

"अन् येतानी डोईपासून मिशीपर्यंत पांढरा. आमचे हे म्हनत होते, जगदेव जवानीतच म्हातारा झाला."

इंद्रभान असं म्हणणारच होता. पोळ्याला तोरणाखाली पहिली बैलजोडी थोरल्या घराची जायची. थोरला मेला तेव्हापासून तो मान जगदेवकडं आला होता, आणि तेव्हापासून इंद्रभानच्या घशाला काटा अडकला होता. आता पारावर बसून तो त्या काट्याची तंबाखूसारखी गोळी करून चघळत होता. जगदेव दिसला की गडी विचारायचे, काय बाप्पा, बारीक दळलं का जाडं? जगदेव कधी हसायचा, कधी मान खाली घालून जायचा. हसला की गोजराबाईला त्याची किळस यायची आणि मान खाली घातली की जास्त यायची.

झड उघडली. कपाशीच्या पऱ्हाटीत गवत माजलं होतं म्हणून जगदेव डवरा घेऊन शेतात गेला. त्या दिवशी गोजराबाईनं जात्यासमोर पोतं अंथरलं, सुपात ज्वारी घेतली आणि सुनेला हाक मारली.

"बस."

प्रयाग आली. सावळी, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. तिनं नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. ही बया मुकाट बसली, पदर खोचला आणि खुंटा धरला. ते मुकाट बसणंच गोजराबाईला झोंबलं.

"पाय पसरून बस. जोर कंबरेतून लाव. का ते बी चक्कीवाल्यानं शिकवावं?"

प्रयाग दळत राहिली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला, चेहरा मातीसारखा झाला. गोजराबाईला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच ती तिथून हलली नाही. तिच्या सासूनं तिला असंच समोर बसून पाहिलं होतं.

डवऱ्याची दोरी तुटली म्हणून जगदेव परत आला. दारातच थांबला.

"ऊठ," तो प्रयागला म्हणाला.

"बस," गोजराबाई म्हणाली.

प्रयागनं दोघांकडं पाहिलं आणि भिंतीला धरून उठली. जगदेवनं टाचेनं दोन दणके देऊन खुंटा उपसला. गोजराबाईला वाटलं आता तो आपल्यावर फेकणार. आणि खरं सांगायचं तर फेकला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं तो न्हाणीतल्या चुलीत घातला. दोन पिढ्यांच्या बायांच्या तळहातांचं तेल पिऊन काळा झालेला तो खुंटा त्या ओल्या दिवसांतही भडकन पेटला.

"तुया बापानं मले कवा पान्याचा गडवा भरून देला नाही," गोजराबाई ओरडली, "पन मानूस होता तो! मानूस!"

"मारत होता तुले."

"मारीन नाही त काय! नवरा होता!"

"मले तसा नवरा होता येत नाही, माय," जगदेव म्हणाला आणि तुटकी दोरी गाठायला बसला.  गाठ बसेना. शेवटी प्रयागनं येऊन दोरीचं दुसरं टोक धरलं. त्यांची बोटं एकमेकांत अडकलेली म्हातारीनं पाहिली आणि तोंड फिरवलं. भर दिवसा. आईसमोर. लाज म्हणून काही चीज या दोघांनी ठेवली नव्हती.

पोळ्याच्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. घुंगरांच्या माळा, रंगवलेली शिंगं, झुली; बैल माणसांपेक्षा शहाणे दिसत होते. जगदेवनं त्याची जोडी तोरणाच्या पुढं आणली. तेवढ्यात इंद्रभान आडवा आला. डोक्याला नवा पटका, ओठावर थुंकी.

"थांब. नानाजी, माया एक सवाल हाये."

नानाजी गावचा म्हातारा कारभारी. त्याला कुठलाही तंटा मिटवण्यापेक्षा ऐकण्यात गोडी.

"बोल नं, इंद्रभान."

"बायकोचं दळन वाहनाऱ्यानं तोरनाखाली पयली जोडी न्यावं का? गावानं सांगावं."

गाव हसलं. मागून कोणीतरी पोळ्याच्या गाण्याची नवी झडती फेकली:

"चक्कीतून निंघे पांढरा धूर, जगदेवच्या मिशीले ज्वारीचा चूर!"

"हर हर महादेव!" सगळ्या वेशीनं ओरडून साथ दिली. पोट्टे नाचायला लागले.

जगदेवच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं बैलाचा कासरा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.  भांडणात तो लहानपणापासून असाच मठ्ठ. नानाजीनं खाकरून बायांच्या घोळक्याकडं पाहिलं.

"थोरल्या घरची बाई हाये हितं. तिनं सांगावं. गोजराबाई, कोनाची जोडी?"

गोजराबाईनं पोराकडं पाहिलं. तो तिच्याकडं पाहत होता, लहानपणी पाटी हरवून आल्यावर पाहायचा तसा. त्या नजरेनं तिचं काळीज हललं असतं. पण तिच्या डोळ्यापुढं जळका खुंटा होता आणि दोरीत अडकलेली ती चार बोटं होती.

"इंद्रभानची," ती म्हणाली. "आमच्या घरी बाप्या उरला नाही."

हसणं एकदम थांबलं. इंद्रभानला स्वतःलाही इतकं अपेक्षित नव्हतं. जगदेवनं बैल वळवले. गर्दीतून वाट काढत, कोणाला धक्का न लावता तो घराकडं गेला. त्याच्या घराच्या दारात प्रयागनं बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणाची पोळी भरवली. तोरण नव्हतं, वाजंत्री नव्हती. बैलांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

गोजराबाई त्या घरी परत गेली नाही. संध्याकाळी ती गाठोडं घेऊन इंद्रभानच्या ओसरीत जाऊन बसली. "जिथं मान, तिथं मी," म्हणाली. इंद्रभाननं "या नं वयनी, तुमचंच घर हाये," म्हटलं आणि पान खायला पारावर गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कमलीबाईनं तिला हलवलं.

"वयनी, उठता का? जात्यावर एक हात देता?"

एका हाताचे चार दिवसांत दोन झाले, आणि पंधरवड्यात कमलीबाई निजूनच राहायला लागली. ती वाईट नव्हती. थकलेली होती, आणि थकलेल्या माणसाला दुसऱ्याचे हात दिसले की तो पडून राहतो. इंद्रभानच्या घरातलं जातं मात्र मुकं झालं नाही. मानाचं घर होतं ते.

कापूस फुटला. दिवसभर वेचणी, बोंडांनी बोटं फाटलेली, आणि पहाटे तीच बोटं खुंट्याला. गोजराबाईचा उजवा खांदा आधी दुखला, मग सुजला, मग त्यातून कडकड आवाज यायला लागला. भिंतीपलीकडून तिला सकाळी पोराचा आवाज ऐकू यायचा. एकदा त्यानं भिंतीवरून डोकावून विचारलं, "माय, बरी हायेस नं?" ती म्हणाली, "बायको काय म्हनते ते पाह्य तू." तो गेला. ती त्या दिवशी जेवली नाही, आणि कोणाला ते कळलंही नाही.

माघात इंद्रभानच्या पोरीला पाहायला पाव्हणे यायचे ठरले. शिरपूरचे, चांगले जमीनजुमल्याचे. आदल्या दिवशी त्यानं ज्वारीचं टोपलं गोजराबाईसमोर ठेवलं आणि आवाज खाली घेतला.

"वयनी, इतकं काही जात्यावर होत नाही. चक्कीवर नेऊन आना. गाव उठाच्या आधी निंघा, कोनाले दिसलं नाही पाह्यजे."

"चक्कीवर?"

"मंग काय करता! पाव्हण्याईले उपाशी ठेवता?"

"अन् तू? तुले सायकल हाये नं."

"मी?" इंद्रभान हसला. "मले गावात तोंड हाये, वयनी."

गोजराबाईनं त्या तोंडाकडं पाहिलं. पानानं रंगलेलं, गुळगुळीत, बाईच्या कष्टावर तुकतुकीत झालेलं. तिनं टोपलं उचललं.

कोसभर वाट. खांदा साथ देईना म्हणून ती दोनदा बसली. चक्कीपाशी पोचली तेव्हा रांग लागलेली होती. इंजिन धापा टाकत होतं, पत्र्याच्या नळीतून काळा धूर फेकत होतं. आत गोपीचंद शेठ डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. आणि रांगेत जगदेव. एकटा नाही, त्याच्यामागं आणखी दोन बाप्ये होते. एकानं तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता, फक्त डोळे उघडे, दरोड्याला निघाल्यासारखा. गोजराबाईला त्याची कीव आली नाही. वाहायचंच आहे तर तोंड लपवून काय वाहतो?

"माय!" जगदेव रांग सोडून आला. "तू काहून आली?"

"दळाले. डोये फुटले का?"

त्यानं तिचं टोपलं उतरवलं. त्याच्या जागी तिचं आधी लावलं. कोणी बाई काही बोलली नाही. त्या आता त्याला ओळखत होत्या, त्याच्या बायकोची तब्येत विचारत होत्या, सुंठ घाल म्हणून सांगत होत्या. गोजराबाई कडेला बसून ऐकत राहिली. परक्या बायांना तिच्या सुनेचा महिना माहीत होता. नववा लागला होता.

पीठ निघालं, ऊन ऊन. जगदेवनं तिचं टोपलं आपल्या डोक्यावर घेतलं, स्वतःचं कमी होतं ते फडक्यात बांधून पाठीला टाकलं.

"दे इकडं मायं टोपलं," ती म्हणाली. "मी नेते."

"खांद्याले काय झालं तुया?"

"काही नाही झालं. समोर पाह्यून चाल. येड्यावानी वाकडा चालून राह्यला."

ती मोकळ्या डोक्यानं त्याच्या मागं चालली. मान हलकी झाल्यानं तिला कसंसंच होत होतं. हातांचं काय करावं तेही कळेना. कधी ते पाठीमागं धरी, कधी पदर ओढी.

गावात शिरले तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. इंद्रभानच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली. पाव्हणे वेळेआधीच येऊन बसले होते. दोघे पागोटेवाले आणि मधे नानाजी. जगदेव टोपलं घेऊन ओट्यापाशी आला. इंद्रभानचं तोंड उतरलं.

"कोन हे?" एका पाव्हण्यानं सहज विचारलं.

"गडी हाये आमचा," इंद्रभान पटकन म्हणाला. "दळन घेऊन आला."

"अन् म्हातारी?"

"अशीच. घरकामाले ठेवली."

नानाजीनं घसा खाकरला आणि जमिनीकडं पाहिलं. जगदेवनं टोपलं ओट्यावर टेकवलं. त्यानं काहीच मनावर घेतलेलं दिसलं नाही. तो घाम पुसत होता. गोजराबाई पायरी चढून वर आली. पाव्हण्यांसमोर डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पाव्हणे, मी या घरची थोरली सून. हा माया पोरगा, जगदेव. पोळ्याचा मान याचा होता. तो म्या मायाच जिभेनं या इंद्रभानले देला, कारन हा बायकोचं दळन वाहत नाही. आता पाह्यलं, हा नाही वाहत. हा म्हाताऱ्या भावजयीकडून वाहून घेते."

"वयनी!"

"बोंबलू नोको. पोरगी चांगली हाये त्याची, पाव्हणे, ते खोटं नाही. बापाले पाह्यून सोडू नोका."

ती आत गेली. चुलीपाशी कमलीबाई पिठाची वाट पाहत उभी होती. तिच्याकडं न पाहता गोजराबाईनं कोपऱ्यातलं गाठोडं काढलं आणि बाहेर आली. जगदेव अजून तिथंच उभा, मिशीला पीठ.

"चाल," ती म्हणाली. "अन् ते तोंड पूस. दिसते कसं."

घराच्या दारात प्रयाग उभी होती. पोट पुढं आलेलं, हात कंबरेवर. सासूला पाहून ती आनंदली नाही की घाबरली नाही. फक्त वाटेतून बाजूला झाली.

"आत्याबाई, या. पाय धुवा."

गोजराबाईनं पाय धुतले नाहीत. तिनं सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोटावर नजर थांबली. हात पुढं करून तिनं ते चाचपलं, दोन्ही बाजूंनी, कणीक तपासावी तसं.

"पोट खाली उतरलं तुयं. कवापासून दुखून राह्यलं?"

"पाहाटपासून," प्रयाग म्हणाली. "थोडं थोडं."

"अन् हा तुले टाकून चक्कीवर गेला?"

"म्या सांगतलंच नाही त्याईले."

जगदेवच्या हातातलं फडकं खाली आलं. तो एकदा आईकडं, एकदा बायकोकडं पाहायला लागला. मोठा थोराड गडी, पण कुठं उभं राहावं ते समजेना.

"सुईनीले सांगून ठेवलं का?" गोजराबाईनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"नाही? मंग कोनाले बोलावता, चक्कीवाल्याले?"

तिनं गाठोडं ओसरीत फेकलं, पदर कमरेला खोचला आणि सुजलेला खांदा दुसऱ्या हातानं धरून सुईणीच्या घराकडं भराभर चालू लागली. वळणावर थांबून मागं न पाहताच ओरडली,

"पानी तापत ठेव, जगदेव! तेवढं त येते नं तुले!"